मी भरती केलेली फौज

एकोणीस वर्षांच्या नोकरीत मी साठ-सत्तर माणसं फौजेत भरती केली. फौजेला याची खबर नव्हती. माझ्या भरतीत कुणाला मैलभर धावावं लागलं नाही, छाती फुगवून दाखवावी लागली नाही, की बर्फात पहारा द्यावा लागला नाही. त्यांना उभं राहावं लागलं ते सांगली-साताऱ्यातल्या दवाखान्यांच्या, सराफी पेढ्यांच्या आणि गाड्यांच्या शोरूमच्या दारात, रोज बारा तास.

मी सिक्युरिटी एजन्सीत फील्ड ऑफिसर होतो. हे ऐकलं की लोकांना वाटतं, यानं बरेच चोर पकडले असणार. दिवाळी अंकाला काहीतरी लिहा म्हणणाऱ्या संपादकांनाही तेच वाटलं असावं. खरं सांगायचं तर एवढ्या वर्षांत मी चोर एकच पाहिला. मंगल कार्यालयात दुसऱ्याच्या नव्या चपला घालून निघालेला. तो वराचा मामा निघाला, त्यामुळे आम्हालाच माफी मागावी लागली. तेव्हा चोरांविषयी माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नाही. स्वतःविषयी थोडं आहे.

आमचा धंदा समजायला सोपा. एखाद्या दवाखान्याला दारात माणूस हवा असतो, पण तो स्वतःचा नको असतो. स्वतःचा म्हटला की त्याची रजा, त्याचं आजारपण, त्याचं म्हातारपण मागं लागतं. म्हणून तो एजन्सीकडून घेतात, लग्नाला खुर्च्या आणतात तसा. माणूस दवाखान्याच्या दारात उभा राहतो, पगार आमच्याकडून घेतो, आणि आपण नोकरी नक्की कुणाची करतो हे त्यानं विचारायचं नसतं. काम बारा तासांचं. बदलीचा माणूस आला नाही तर चोवीस तासांचं. गणवेशाचे पैसे पहिल्या पगारातून कापायचे. आणि मालकाला पसंत पडला नाही तर त्यानं आम्हाला फोन करून दोन शब्द सांगायचे, ‘माणूस बदला.’ कारण सांगावं लागत नाही. पंखा बदला म्हटलं तरी दुकानदार विचारतो, काय झालं, आवाज करतोय का? आम्ही तेवढंही विचारत नव्हतो.

गार्डचे दर दोन. साधा गार्ड आणि माजी सैनिक. माजी सैनिकाचा दर जास्त, आणि मागणी त्यालाच जास्त, कारण दारात फौजी उभा असला की आतल्या मालाचीही किंमत वाढते. अडचण एवढीच होती की खरे माजी सैनिक आमच्याकडे टिकत नसत. पेन्शन घेऊन आलेला माणूस आमच्या पगारात दुचाकी रांगेत लावून घ्यायला कशाला येईल? आला तरी आठवड्याच्या आत मॅनेजरला चार शब्द सुनावून, शिट्टी टेबलावर ठेवून निघून जाई.

आमचे मालक एकदा म्हणाले, “बिल माजी सैनिकाच्या दरानं लागलं पाहिजे. माणसाचं तुम्ही बघा.”

मी बघितलं. वरचा फरक मालकाकडे राहायचा, माणसाच्या हातात साध्या गार्डचाच पगार पडायचा, आणि माझी नोकरी टिकायची. मला नेमणुकीचं पत्र कधीच मिळालं नव्हतं, त्यामुळे ती टिकवण्याकडे माझं लक्ष जरा जास्तच असे.

आमच्या भागात फौजी नाही असं गाव सापडायचं नाही. आणि ज्या घरात फौजी, त्याच घरात बहुधा भरतीतून परत आलेला एक भाऊ असतो. कुणी अर्ध्या सेंटिमीटरनं उंचीत गेलेला, कुणी दातांत, कुणी कानात. या माणसांना फौजेतलं फौज सोडून सगळं ठाऊक असतं. बूट कसे चमकवायचे, ट्रंकेवर नाव कसं रंगवायचं, सुट्टी कशी मागायची, सगळं. मी त्यांना हुडकून आणायचो. एजन्सीच्या मागच्या अंगणात तीन सकाळी सॅल्यूट, सावधान, विश्राम करून घ्यायचो. मिशा ठेवायला लावायचो. तिसऱ्या दिवशी मी प्रत्येकाला पलटण नेमून द्यायचो. सरकारला जे चार वेळा भरती घेऊन जमलं नव्हतं, ते मी चहा आणि बिस्किटांवर करत होतो, आणि सांगायला लाज वाटते, पण त्याचा मला अभिमानही होता.

मिशांवरून आठवलं. साताऱ्यात एक सराफ होते. त्यांनी मागणीतच लिहून दिलं होतं, ‘उंच, माजी सैनिक, भरघोस मिशा.’ मी पाटणकडचा शंकर म्हणून एक माणूस दिला. मिशा अशा की गिऱ्हाईक आधी त्याला बघायचं, मग दागिने. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग शंकरचे वडील वारले. त्यानं दहाव्याला डोकं आणि मिशा उतरवल्या आणि चौदाव्या दिवशी कामावर आला. अकराच्या आत फोन.

“माणूस बदला.”

“शेठजी, त्याचे वडील गेलेत.”

“अरेरे. आमच्यातर्फे सांगा त्याला, वाईट वाटलं म्हणून. आणि संध्याकाळपर्यंत माणूस बदला.”

मी शंकरला एमआयडीसीतल्या एका गोदामावर टाकलं. तिथं बघायला कुणी येत नाही, म्हणून पगारही कमी. मिशा वाढल्या की परत आणतो म्हणालो. मिशा तीन महिन्यांत वाढल्या, पण तोवर सराफाच्या दारात दुसऱ्या मिशा रुळल्या होत्या. शंकर गोदामावरच राहिला. मला त्या वेळी वाटलं होतं की मी त्याची नोकरी वाचवली. असल्या बऱ्याच गोष्टी मी वाचवल्या आहेत.

पण लिहायला बसलो ते बाबालाल मुलाणीसाठी.

बाबालाल शिराळ्याजवळच्या एका खेड्यातला. स्टोव्ह आणि छत्र्या दुरुस्तीचं दुकान होतं. घरोघर गॅस आला, आणि छत्री मोडली तर लोक नवीन घ्यायला लागले. बेचाळिसाव्या वर्षी दुकान बंद करून तो माझ्यापुढे उभा राहिला. ताठ, रुंद खांद्यांचा, आवाज भरदार.

“भरतीला गेलतास का कधी?”

“चार डाव, सायेब. तळवे सपाट म्हणून काढलं. चौथ्या डावाला तर डाक्टरच म्हणला, मुलाणी, परत आलास? पाय त्येच आणलेस व्हय?”

“मग फौजेतलं काय येतं?”

“भाईची सगळी नोकरी येती.”

त्याचा थोरला भाऊ दस्तगीर सतरा वर्षं फौजेत होता. तो सुट्टीवर आला की बाबालाल त्याच्या शेजारून हलत नसे. कोणत्या वर्षी कुठं पोस्टिंग, कंपनीचा सुभेदार कोण, गाडी कुठं बदलायची, कुठल्या डोंगरावर डाळ चार तास शिजत नाही, सगळं त्याला पाठ होतं. त्यानं मला अर्धा तास सतरा वर्षं म्हणून दाखवली. मी खुश झालो. पलटण नेमून द्यायचं माझं काम वाचलं होतं.

“हुद्दा काय सांगशील?”

“भाई नाईक होता.”

“हवालदार सांग.”

“भाईला सतरा वर्सांत जमलं न्हाई त्ये, सायेब.”

“तुला आत्ता जमलं. गणवेशाचं माप दे.”

त्याला मी सांगलीच्या एका खासगी दवाखान्यात दिलं, आणि हीच माझी खरी चूक. त्या दवाखान्यात माजी सैनिकांना सरकारी कार्ड दाखवून फुकट उपचार मिळत. जिल्ह्याच्या दोन्ही टोकांकडून पेन्शनर यायचे आणि साधा गार्ड रांगेत बसा म्हणाला तर त्याच्या अंगावर जायचे. फौजीला फौजीच थांबवू शकतो, म्हणून दवाखान्यानं माजी सैनिकच मागितला होता. म्हणजे मी खोटा फौजी नेऊन उभा केला तो अशा ठिकाणी, जिथं रोज शंभर खरे फौजी त्याच्याकडे बघत बसणार होते. ही अक्कल मला पहिल्या दिवशी सकाळी तिथं पोचल्यावर आली.

आष्ट्याचे यादव म्हणून एक निवृत्त सुभेदार पहिल्याच बाकावर होते. हातात काठी, गळ्यात मफलर. त्यांनी बाबालालला जवळ बोलावलं.

“कुठली पलटण, जवान?”

बाबालालनं सांगितली.

“कंपनी? त्या वक्ताला सुभेदार कोण तुमचा?”

त्यानं तेही सांगितलं. यादव डोळे बारीक करून बघत होते. मी औषधांच्या खिडकीशी उगाच पाठमोरा उभा राहिलो.

“आणि हिवाळ्यात लंगरात सक्काळी काय द्यायचे रं?”

“शिरा, सुभेदारसायेब. पण दगडागत. मग्यातल्या चहात बुडवल्याबिगर तुटायचा न्हाई.”

यादव मोठ्यानं हसले. “हा खरा,” ते सगळ्या बाकांना म्हणाले. त्या दिवसापासून बाबालाल दवाखान्याचा हवालदार झाला.

सहा वर्षं तो तिथं होता. मला त्याच्याविषयी कधीही फोन आला नाही. प्रत्येकाला तो हुद्द्यानं हाक मारायचा आणि नंबरानंच सोडायचा. “सुभेदारसायेब, तुमचा सोळा. आवं, हुकूम त्यो हुकूम.” फौजी मुकाट बसायचे. नवरा गेलेल्या म्हाताऱ्या बायका कार्ड घेऊन गोंधळून उभ्या असायच्या. त्यांना कुठला कागद कुठल्या खिडकीवर द्यायचा हे त्याला दवाखान्याच्या माणसांपेक्षा जास्त कळायचं. मी महिन्यातून एकदा तपासणीला गेलो की तो कडक सॅल्यूट ठोकायचा. सहा वर्षांत त्याचा पगार दोनदा वाढला, दोन्ही वेळा सरकारनं वाढवायला लावला म्हणून.

एकदा मी तपासणीला गेलो असताना दारातून दस्तगीरच आत आला. मी त्याला ओळखत नव्हतो, पण बाबालालचा चेहरा बघून ओळखलं. दोघांची चण एक, नाक एक. दस्तगीर मात्र वाकलेला, हळू बोलणारा, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून चालणारा. कार्ड घेऊन तो बाकाशी आला. सुभेदार यादव शेजारीच होते.

“पलटण कुठली?” त्यांचा ठरलेला प्रश्न.

दस्तगीरनं सांगितली.

“मग आपल्या हवालदारांचीच की. वळखता का न्हाई त्येना?”

बाबालाल दाराशी सावधान उभा होता. त्याच्या कपाळावर घाम आलेला मला लांबून दिसला. त्याची नोकरी गेली असती, माझी गेली असती. पण तो घाबरला होता ते त्यासाठी नसावं. एखाद्याच्या पेटीतला कोट घालून हिंडावं आणि पेटीचा मालकच समोर यावा, तसं त्याचं तोंड झालं होतं.

दस्तगीर त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिला.

“व्हय,” तो म्हणाला. “एकाच कंपनीत होतो. मी लंगरात वाढायला होतो.”

मग बाबालालकडे बघून विचारलं, “कुठं बसू, हवालदार?”

बाबालालनं सावधान न सोडता सांगितलं. “नंबर एकतीस. मागच्या बाकावर बसा.”

आणि थोरला भाऊ मागच्या बाकावर जाऊन बसला.

पुढे दवाखान्यात नवे मॅनेजर आले. कामाला चोख माणूस. त्यांनी पत्र पाठवलं, ‘माजी सैनिक म्हणून बिल लावलेल्या सर्व गार्डची फौजेतून सुटल्याची कागदपत्रं आठ दिवसांत सादर करावीत.’ तिथं आमचे सहा माजी सैनिक होते. त्यातले खरे दोन.

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते रागावले नव्हते, याचीच मला भीती वाटली. म्हणाले, “या चौघांनी आपल्याला फसवलं असं त्यांच्याकडून लिहून घ्या. करार वाचला पाहिजे.”

मी मजकूर स्वतः तयार केला. मराठी माझं बरं आहे. ‘मी माजी सैनिक असल्याची खोटी माहिती देऊन एजन्सीची फसवणूक केली. सदर बाबीस मी एकटा जबाबदार असून माझी कोणतीही देणी शिल्लक नाहीत.’ पाच वर्षांवर नोकरी झालेल्याला ग्रॅच्युइटी मागता येते, हे मला ठाऊक होतं. शेवटचं वाक्य म्हणूनच घातलं होतं. तिघांनी न वाचता सह्या केल्या. बाबालालनं वाचलं. पार्किंगच्या पत्र्याखाली, स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून, ओळीवर बोट फिरवत.

“सायेब, हवालदार तुमीच केलं. आता लबाड बी तुमीच करताय. तुमच्यातली भरती लय सोपी हाय बगा.”

मी म्हणालो, “सही केलीस तर दुसरीकडे लावतो. नाही केलीस तर पोलिसांत जाईल, आणि मग भावाचंही नाव निघेल.”

हे मी म्हणालो. पोलिसांत कुणीच जाणार नव्हतं. गेलं असतं तर पहिला मी गेलो असतो. पण भावाचं नाव काढलं की तो सही करणार, हे दस्तगीर मागच्या बाकावर जाऊन बसला त्या दिवशीच मला कळलं होतं. कळलेली गोष्ट मी वापरली.

त्यानं सही केली. टोपी आणि शिट्टी काढून माझ्या हातात दिली. बूट काढायला लागला, तेव्हा मी म्हणालो, राहू दे. बुटांचे पैसे त्याच्याच पगारातून गेले होते, हे मला नंतर आठवलं.

आता दवाखान्याला खरे फौजी हवे होते. मी पंधरा दिवस गावं पालथी घातली. आमचा पगार ऐकला की लोक हसून चहा द्यायचे. तीन जागा कशाबशा भरल्या, चौथी राहिली. मालकांचे रोज फोन. शेवटी मला जिथं जायला नको होतं तिथंच गेलो, मुलाण्यांच्या घरी.

बाबालाल अंगणात जुन्या स्टोव्हचे भाग घासलेटात धूत बसला होता. अजूनही एखादी म्हातारी स्टोव्ह आणून द्यायची म्हणे. दस्तगीर बाजेवर होता. त्याचं वय तेव्हा छप्पन्न. मी खाली बघत काम सांगितलं.

“बाबाची जागा मी घ्यायची?” दस्तगीरनं विचारलं.

बाबालालच म्हणाला, “घे भाई. दुसरा कोन तर घेणारच. घरात तरी ऱ्हाईल.”

“मला न्हाई जमायचं रं त्ये लोकांस्नी थांबवायचं. मी सतरा वर्सं वाडपी. लोक मागतील त्ये वाढायचं, एवढंच.”

“मी शिकवतो की.”

आणि त्यानं खरंच शिकवलं. तीन दिवस, त्या अंगणात, खोट्या फौजीनं खऱ्या फौजीला फौजीसारखं उभं राहायला शिकवलं. छाती पुढं, नजर समोर, आवाज पोटातून. मी दोनदा तिथं होतो. “भाई, तू मान वाकवतोस. हवालदार मान वाकवत न्हाई.” आणि दस्तगीर म्हणायचा, “आरं, मी कवा हुतो हवालदार?”

दस्तगीर दवाखान्यात रुजू झाला. त्याची कागदपत्रं इतकी व्यवस्थित होती की मॅनेजरनी मला खास फोन करून शाबासकी दिली. तिसऱ्या आठवड्यात त्यांचाच परत फोन आला.

“अहो, हे काही फौजी वाटत नाहीत.”

“साहेब, हेच खरे आहेत.”

“असतील. पण कुणी ऐकत नाही त्यांचं. काल सगळे पेन्शनर एकदम डॉक्टरांच्या खोलीत शिरले, आणि हे बाजूला उभं राहून त्यांना पाणी देत होते. ते यादव सुभेदार मला येऊन म्हणतात, हा कुठला भित्रा माणूस आणलाय, आमचा खरा हवालदार परत आणा.”

“पण साहेब, आधीच्या माणसाकडे कागद नव्हते.”

फोनवर त्यांच्या केबिनचं दार लावल्याचा आवाज आला.

“कागद यांचेच राहू देत,” ते म्हणाले. “माणूस बदला.”

एकोणीस वर्षांत एवढीच एक वेळ ते दोन शब्द ऐकून मला आनंद झाला. मी त्याच दुपारी शिराळ्याची एसटी धरली. मला वाटलं, मी केलेलं मीच निस्तरतोय. बाबालालचा फोटो, दस्तगीरचं नाव, दस्तगीरची जन्मतारीख, असं ओळखपत्र तयार झालं. पगार दस्तगीरच्या खात्यात जाई, तो काढून धाकट्याच्या हातात देई. दस्तगीर बाजेवर परत गेला. जाताना फक्त एवढं म्हणाला, “माझं नाव जपून वापर रं. दुसरं न्हाई माझ्याकडं.”

चार वर्षं बाबालाल दस्तगीर होऊन उभा राहिला. रांग परत सरळ झाली. सुभेदार यादव त्याला आधीसारखंच हवालदार म्हणत, त्यामुळे छातीवरचं नाव बदललंय हे कुणी वाचलंही नसेल. मी तपासणीला गेलो की ‘दस्तगीर’ म्हणून हाक मारायचो आणि तो ‘जी सायेब’ म्हणायचा, इतक्या चटकन की मला बरं वाटायचं नाही. एकदा मी बघितलं, गावाकडचा कुणी माणूस फाटकाबाहेरून “बाबालाल, आरं बाबालाल” म्हणून हाका मारत होता. बाबालाल त्याच्याकडे पाठ करून शिट्टी वाजवत होता, तो माणूस निघून जाईपर्यंत.

मग एक दिवस एजन्सीच्या कॉम्प्युटरमधून आपोआप एक पत्र निघालं. ‘श्री. दस्तगीर मुलाणी यांस वयाची साठ वर्षं पूर्ण होत असल्यामुळे…’

दवाखान्याच्या करारात साठ वर्षांवरचा गार्ड चालत नव्हता. बाबालाल बावन्न वर्षांचा होता. त्याच्या धाकट्या मुलीचं नर्सिंगचं एक वर्ष राहिलं होतं. मी मालकांकडे गेलो. ते म्हणाले, “कागद तुम्हीच आणले होते ना?” मी मॅनेजरकडे गेलो. म्हणालो, “साहेब, दिसतो का तो साठचा?” ते म्हणाले, “नाहीच दिसत. फौजी माणसं तब्येत राखतात.” त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. सगळं उघडपणे सांगावं असं माझ्या मनात आलं, पण सांगितलं असतं तर दोघं भाऊ फसवणुकीत सापडले असते आणि एकाच्या पेन्शनीवर चौकशी आली असती. असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. माझ्या बाबतीत नेहमी असं होतं की जे सोयीचं असतं ते थोडंफार खरंही असतं.

दवाखान्यानं निरोपसमारंभ केला. एजन्सीच्या गार्डला निरोप मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. पेन्शनरांनीच वर्गणी काढली होती. हॉलमध्ये बाक मांडले, टेबलावर शाल-श्रीफळ. सुभेदार यादव आता फार थकले होते, पण काठी टेकत उठले आणि म्हणाले, “आमी लय हवालदार बघितले. असा न्हाई बघितला.” मग निवेदन करणाऱ्या नर्सनं नाव पुकारलं, “हवालदार दस्तगीर मुलाणी.”

पहिल्या बाकावर दस्तगीर बसला होता. डोळ्यांत घालायचे थेंब न्यायला आला होता, तसाच थांबला. नाव ऐकल्यावर तो सवयीनं अर्धा उठला. मग धाकटा भाऊ टेबलाकडे निघालेला दिसला, तेव्हा बसला आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायला लागला.

कार्यक्रमानंतर आम्ही तिघं फाटकाबाहेरच्या गाड्यावर चहाला गेलो. बाबालालनं शाल काढून भावाच्या खांद्यावर टाकली.

“तुझी हाय,” तो म्हणाला. “कागद बगितला तर तुझीच निघंल.”

“नारळ तरी तुज्याकडं ठेव रं,” दस्तगीर म्हणाला.

मग बाबालाल माझ्याकडे वळला. “सायेब, अनुभवाचा दाखला लागंल. आता ह्या वयात नुसतं कोन उभं करून घेणार?”

माझ्या बॅगेत एजन्सीचे कोरी लेटरहेडं कायम असत. मी एक काढलं, पेन उघडलं. एवढं तरी आपल्या हातात आहे, असं वाटलं.

“लिहितो. कुणाच्या नावानं लिहू?”

विचारलं आणि पेन तसंच राहिलं. बाबालालच्या नावावर सहा वर्षं होती, पण त्या सहा वर्षांवर फसवणुकीचा कागद होता, माझ्याच चांगल्या मराठीत. दस्तगीरच्या नावावर चार वर्षं होती, पाचाला एक कमी, आणि दस्तगीरचं वय साठ होतं. दहा वर्षं जो माणूस त्या दारात उभा राहिला, त्याला माझ्या लेटरहेडवर कुठंच जागा नव्हती. त्यानंतर वर्षभरात माझीही गरज संपली. आता गार्ड दर तासाला मोबाइलवरून स्वतःचा फोटो पाठवतात आणि तपासणीला कुणी जात नाही. पण त्या दिवशी मी अजून साहेब होतो, आणि बाबालाल माझ्या उत्तराची वाट बघत होता.

त्यानं चहाचा शेवटचा घोट घेतला, कप गाड्याच्या फळीवर नीट रांगेत ठेवला.

“न्हाई तर असं करा,” तो म्हणाला. “आदी जागा कुठं हाय त्ये बगा. नाव मग ठरवू.”